चार रविवार आणि एक भेंडोळं

मालवणात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधणारे लोक मोडी कागद घेऊन येतात, प्रत काढून घेतात आणि जाता जाता विचारतात, "ह्यात आमच्या पणज्याचं नाव आहे का हो?" कागद त्यांच्याच घरातला असतो, पण त्यातलं एक अक्षर त्यांना लागत नाही. मी मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला तो या प्रश्नापायी. पुढे त्याच कागदांवरून एक खेळ उभा राहिला, आणि तो चार रविवारांत पार पडला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा: एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते बोलतात, आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. आपल्याकडे मराठीतून तो खेळायला बसणाऱ्यांना सगळ्यात जास्त अडायला होतं ते मंत्रांच्या भेंडोळ्यांपाशी. मलाही झालं.

आधी थोडं मागचं. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी वर्षानुवर्षं 'नेटहॅक' खेळले आहे. १९८७ पासूनचा हा संगणकावरचा खेळ. त्यात सापडलेल्या भेंडोळ्यावर नुसतं निरर्थक नाव लिहिलेलं असतं, आणि आत काय आहे ते वाचल्याशिवाय कळत नाही. वाचलं की ते संपतं. दुकानदार काय भाव सांगतो यावरून अंदाज बांधता येतो, कारण वस्तू ओळखून देणाऱ्या भेंडोळ्याची मूळ किंमत २० असते आणि ते सगळ्यात जास्त वेळा सापडतं. हा अंदाज बांधण्याचा नाद मला लागला होता. तोच नाद चार माणसांनी एका टेबलाभोवती बसून, बोलत बोलत करावा, असं फार दिवस मनात होतं.

मे २०२४ मध्ये आतेभाऊ म्हणाला, "ताई, जून-जुलै मी मोकळोच आसंय." तो ट्रॉलरवर असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे आमच्या हातात नेमके दोन महिने. भाची दहावी होऊन अकरावीच्या प्रवेशाची वाट बघत होती. कुडाळच्या बँकेतली माझी मैत्रीण रविवारी येऊ शकत होती. चौथा आतेभावाचा शेजारी. चौघांपैकी एकानेही असला खेळ पाहिलेला नव्हता, आणि मी सूत्रधार म्हणून कधी बसले नव्हते.

घरी जागा नाही, म्हणून गावातल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल मागायचं ठरवलं. २७ मेला अर्ज दिला. विषयात लिहिलं, 'रविवारी दुपारी कथाकथनाचा खेळ खेळण्यासाठी हॉल मिळण्याबाबत'. कार्यवाहांनी अर्ज वाचला, खाली सोबत काय काय आणणार त्याची यादी वाचली आणि 'फासे' या शब्दावर बोट ठेवलं. "फासे म्हणजे जुगार नव्हे मा?" प्रश्न रास्त होता. मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात पैसे लावले जाणार नाहीत, प्रवेश फी नाही, फासे फक्त गोष्टीत काय घडलं ते ठरवायला वापरले जातील, आणि खेळातली जादू कल्पित जगातली आहे, कुठल्याही देवदेवस्कीशी तिचा संबंध नाही, असं स्पष्ट नमूद केलं. शेवटचं वाक्य अनावश्यक वाटेल, पण कोकणात 'मंत्र' हा शब्द कागदावर आला की ते लिहिलेलं बरं. अर्ज १ जूनच्या बैठकीत गेला आणि ५ तारखेला होकार आला. एका रविवारचे ₹२००, अनामत ₹५००, वीज गेली तर इन्व्हर्टर फक्त दिव्यांना. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. मला ती पोच पुढे दोनदा दाखवावी लागली.

फाशांचे दोन संच ऑनलाइन मागवले, ₹७८० पडले. एका संचात सात फासे असतात, आणि त्यातला वीस बाजूंचा मुख्य. पार्सल यायला १७ दिवस लागले. तोवर सरावासाठी मी वीस चिंचोके घासून त्यांवर १ ते २० आकडे घातले आणि करवंटीत टाकले. न बघता एक काढायचा, आकडा वाचायचा, परत टाकायचा. परत टाकणं विसरलं की हिशेब बिघडतो, बाकी काही फरक नाही. फाशांवर खर्च करायचा नसेल तर चिंचोके पुरेत. भाची तर शेवटपर्यंत करवंटीच वापरायची म्हणत होती.

नियमांना मात्र खर्च आला नाही. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच मोफत मिळतो, जानेवारी २०२३ पासून 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या खुल्या परवान्याखाली. चारशेच्या आसपास पानं आहेत. मी त्यातली नऊ छापली.

त्या नऊ पानांमधलं भेंडोळ्यांविषयीचं सार सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मंत्राच्या अवघडपणालाही इंग्रजीत 'लेव्हल' म्हणतात आणि पात्राच्या प्रगतीलाही 'लेव्हल'च. नवा माणूस इथेच गोंधळतो. आम्ही मंत्राला 'पायरी' आणि पात्राला 'लेव्हल' असे दोन शब्द ठेवले, आणि अर्ध्या शंका तिथेच मिटल्या. मंत्रांच्या नऊ पायऱ्या. विझर्ड, म्हणजे जादू शिकलेलं पात्र, पाचव्या लेव्हलला पोचला की तिसऱ्या पायरीचे मंत्र त्याच्या आवाक्यात येतात. विझर्ड आपले मंत्र एका वहीत लिहून ठेवतो. तिला आम्ही 'बाड' म्हणालो, कारण हाताने लिहिलेल्या, शिवलेल्या वहीला आपल्याकडे दुसरा इतका नेमका शब्द नाही.

भेंडोळ्यात एक मंत्र लिहिलेला असतो. तो मंत्र तुमच्या पात्राच्या वर्गाच्या (विझर्ड, रेंजर वगैरे प्रकाराच्या) यादीत असेल तर तुम्हाला ते वाचता येतं, नसेल तर त्या नुसत्या रेघोट्या. वाचता येत असेल तर लागणारी सामग्री जवळ नसतानाही मंत्र म्हणता येतो. मंत्र तुमच्या आवाक्याबाहेरच्या पायरीचा असेल तर फासा टाकायचा, आणि १० अधिक मंत्राची पायरी एवढा आकडा गाठायचा. नाही गाठला तर अक्षरं उडून जातात. मंत्र लागू पडला तरी अक्षरं पुसली जातात आणि कागदाची धूळ होते. म्हणजे भेंडोळं एकदाच.

विझर्डला मात्र दुसरी वाट असते. भेंडोळ्यातला मंत्र तो बाडात उतरवून घेऊ शकतो, म्हणजे मंत्र कायमचा त्याचा. दर पायरीमागे दोन तास आणि ५० सोन्याच्या मोहरा. शेवटी अर्केना, म्हणजे जादूच्या जाणकारीचा, फासा, गाठायचा आकडा तोच, १० अधिक पायरी. आणि इथे नियम निष्ठुर आहे. उतरवणं साधो वा फसो, भेंडोळं नष्ट होतंच. दुसऱ्या विझर्डच्या बाडातून उतरवायचं असेल तर असा फासा नाही.

मी 'वॉटर ब्रीदिंग' हा मंत्र निवडला. तिसरी पायरी, दहा जणांपर्यंत पाण्याखाली श्वास घेता येतो, २४ तास टिकतो. दर्यावरच्या माणसाला हा मंत्र समजावून सांगावा लागत नाही. शिवाय तो विधी म्हणूनही करता येतो. विझर्डच्या बाडात असला की दहा मिनिटं जादा घालवून तो हवा तितक्या वेळा म्हणता येतो, दिवसाच्या ठरावीक मंत्रांतला एकही खर्च होत नाही. म्हणून तो बाडात असणं आणि नुसत्या भेंडोळ्यात असणं यांत फार मोठं अंतर आहे.

मग भेंडोळं बनवायला घेतलं. जाड हातकागद ₹१५० चा आणला, चहाच्या पाण्यात बुडवला. जूनमध्ये कागद वाळवणं म्हणजे परीक्षाच. पहिला ताव दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही दमट राहिला आणि तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशीचे ठिपके आले. दुसरा चुलीवरच्या माळ्याला टांगला तेव्हा कुठे खडखडीत वाळला. शाई काजळी आणि डिंकाची, लेखणी बोरूची. गुंडाळून ठेवायला पोफळीच्या विरीची (झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद आवरणाची) नळी केली, दोन्ही टोकांना सुंभ.

मजकूर दोन भागांत. वरचा भाग मोडीत, दाराबद्दलची सूचना. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. हा शेवटचा गुण मला फार उपयोगी पडला. मी लिहिलं: 'अवसेस हे द्वार दिनासच उघडे'. मोडीत ते 'दिनासच', म्हणजे दिवसाच, असंही वाचता येतं आणि 'दीनासच', म्हणजे दीन माणसालाच, असंही.

खालचा भाग कोरा दिसणारा. तिथे मंत्राची कल्पित चिन्हं अदृश्य शाईने काढली. खाण्याच्या सोड्याने काढून पाहिली, हळदीच्या पाण्याने जेमतेम तांबूस झाली. धुण्याचा सोडा अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर घालून काढली, वाळवली आणि वरून हळद फिरवली तर लालभडक उठली. हळद-चुन्याचं कुंकू होतं त्याच कारणाने हेही होतं, हळद अल्कलीत लाल पडते. हळद नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, गुठळ्या राहतात. जखमेला लावतात त्या स्पिरिटात कालवली की ब्रश सरळ फिरतो. सोडा हाताला लागू देऊ नका, आणि स्पिरिट उघडं असताना समई-मेणबत्ती दूर ठेवा. हळद, सोडा, स्पिरिट मिळून ₹९०.

२३ जूनला पहिला रविवार. सगळी पात्रं चौथ्या लेव्हलची. भाची विझर्ड, आतेभाऊ रेंजर (थोडे मंत्र येणारा रानवाटाड्या), मैत्रीण क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र म्हणणारी), शेजारी फायटर (नुसता लढवय्या). बुडालेल्या वखारीत त्यांना विरीची नळी सापडली. भाचीने नळीचा सुंभ सोडला, कागद थोडा उलगडला आणि आधी नाकाजवळ नेला. "मावशी, धुराचा वास येतोय." तेवढ्या एका क्षणासाठी तो कागद माळ्याला टांगल्याचं सार्थक झालं.

आणि लगेच मी चूक केली. "वाचता येतं का ते बघायला फासा टाक, १५ लागतील." सहा पडले. मैत्रिणीने टाकला, नऊ. आतेभावाने टाकला, चार. शेजाऱ्याचा अकरा. आता काय? चौघं माझ्याकडे बघत बसली. पुढची सगळी गोष्ट त्या कागदात होती आणि मीच तिला कुलूप घालून बसले होते. वीस मिनिटं नुसतं इकडचं तिकडचं बोलणं झालं, शेवटी मी एक म्हातारी आणली आणि तिच्या तोंडून चार शब्द सांगितले. घरी जाताना कुणी काही बोललं नाही, पण मला माहीत होतं.

त्या रात्री पान पुन्हा वाचलं. माझा फासा नियमातच नव्हता. यादीतला मंत्र असेल तर विझर्डला तो समजतोच. मग 'उलगडण्याचा फासा' माझ्या डोक्यात कुठून आला? जुन्या आवृत्त्यांमधून. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हापासून भेंडोळं वाचायला 'रीड मॅजिक' नावाचा वेगळा मंत्र लागायचा. त्या काळात विझर्ड मंत्र पाठ करून यायचा आणि एकदा म्हटला की तो विसरायचा, त्यामुळे 'रीड मॅजिक' पाठ करायचा तर दुसऱ्या एखाद्या मंत्राची जागा जायची. वाचण्याची किंमत होती ती ही. साडेतीनव्या (३.५) आवृत्तीत उलगडणं आणि म्हणणं या दोन स्वतंत्र क्रिया राहिल्या: 'रीड मॅजिक' वापरा, नाहीतर स्पेलक्राफ्टच्या (मंत्र ओळखण्याच्या विद्येच्या) फाशावर २० अधिक पायरी गाठा. पण तिथे 'रीड मॅजिक' सगळ्यात खालच्या, शून्याच्या पायरीवर होता, कुठल्याही विझर्डला सहज मिळणारा. म्हणजे भेंडोळं वाचलं जाणार हे त्या नियमांनी धरूनच ठेवलं होतं. प्रश्न फक्त त्यासाठी काय मोजायचं एवढाच होता.

मला जे सापडलं ते हेच. वाचता आलं की नाही, हे फाशावर ठेवू नका. वाचायला काय लागलं ते ठेवा. मी ठरवलं की मोडी मजकूर कुणालाही वाचता येईल, पण वाचण्याच्या दर प्रयत्नाला गोष्टीतला एक तास जाईल, आणि त्या तासात भरतीचं पाणी वखारीत चढेल. फासा वाईट पडला तर एकच शब्द लागेल, चांगला पडला तर ओळ. हात रिकामा कधीच राहणार नाही. खालचा मंत्र दिसू लागला की विझर्ड आणि रेंजर यांना तो फाशाविना समजेल, कारण 'वॉटर ब्रीदिंग' दोघांच्याही यादीत आहे. क्लेरिकच्या यादीत तो नाही.

आणखी एक. 'कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस' नावाचा पहिल्या पायरीचा मंत्र कुणाकडे असेल तर असली लिपी मिनिटाला एक पान या वेगाने वाचून होते. त्याने गुप्त संदेश फुटत नाही, पण सरळ मजकुराचा शब्दशः अर्थ मिळतो. कोडं बनवण्याआधी प्रत्येकाच्या मंत्रांची यादी मागून घ्या. भाचीकडे तो नव्हता हे माझं नशीब, मी आधी बघितलं नव्हतं.

३० जूनला मी मोडीच्या बाराखडीचा तक्ता दोन तुकड्यांत फाडून आणला. एक तुकडा विझर्डला, एक फायटरला. दोघांनी डोकी एकत्र करून वाचल्याशिवाय ओळ लागत नव्हती. शेजारी सातवीनंतर शाळेत गेला नाही, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त अक्षरं त्यानेच लावली. बोट शिरोरेघेवरून सरकवत तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचा, भाची बालबोधीत लिहून घ्यायची. बाहेर पाऊस, वर पत्र्याचा आवाज, वीज गेलेली, इन्व्हर्टरचा एकच दिवा. ओळ लागली आणि वाद पेटला. दिवस की दीन? भाची आणि मैत्रीण म्हणाल्या दिवस, अमावास्येला दुपारी दारात जाऊन उभं राहायचं. चाळीस मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. सूत्रधाराला गप्प बसणं जड जातं, पण बसावं.

आतेभाऊ बराच वेळ नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "अमावाशेक दुपारी भरती आसता गो. दार पाण्याखाली. दिवसाचा उघडात कसा?"

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास लागते, ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला. तो पुढे म्हणाला, "ज्येना ह्या लिवला, तेका दर्यो ठावक होतो. दिवस म्हणाचा आसता तर सांज लिवल्यान आसता." मी हे ठरवलेलं नव्हतं. माझ्या मनात उत्तर 'दीन' होतं ते निव्वळ गोष्टीच्या सोयीने. त्याने त्याला दर्याचं कारण दिलं, आणि ते माझ्यापेक्षा बळकट होतं. मी वहीत तेच उत्तर म्हणून लिहून घेतलं.

७ जुलैचा रविवार पावसाने नेला. कुडाळहून मैत्रिणीला निघताच आलं नाही. हॉलचे ₹२०० मात्र, आदल्या दिवशी कळवलं नाही म्हणून, भरावे लागले. पावसाळ्यात आरक्षण करताना 'अतिवृष्टी झाल्यास तारीख बदलून मिळावी' हे अर्जातच लिहा.

१४ जुलैला चौघं सांजेच्या ओहोटीला दाराशी पोचली. दार कमरेइतकंच उंच ठेवलं होतं. हत्यारं खाली ठेवून वाकून जाणाऱ्याला ते उघडलं. आत हळदीची वाटी आणि ब्रश. ब्रश मी मैत्रिणीच्या हातात दिला. क्लेरिकला मंत्र वाचता येणार नव्हता, म्हणून निदान तो उठवावा तिने. तिने पहिला फटकारा मारला, पिवळा पट्टा उमटला आणि त्यातून हळूहळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, लाल चिन्हं वर आली. कुणी बोललं नाही. मग मी चार घड्या घातलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. भाची आणि आतेभावाच्या चिठ्ठीत मंत्राचं नाव, पायरी, परिणाम. मैत्रीण आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठ्या कोऱ्या. मैत्रिणीने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मी उठवलं आणि मलाच नाही?" तिला खरंच वाईट वाटलं होतं. नियमात 'वाचता येत नाही' असं एक वाक्य असतं, ते असं दिसतं.

खजिन्याची खोली पाण्याखाली होती. आतेभाऊ म्हणाला, आत्ताच वाचूया. मी गणित फळ्यावर मांडलं. आकडे लपवू नयेत, नव्या माणसाला जोखीम दिसली पाहिजे. गाठायचे १३. भाचीच्या पात्राची बुद्धी १८, म्हणजे पडेल त्या आकड्यात अधिक ४, फाशावर ९ किंवा वर हवे: शंभरात ६०. रेंजर शहाणपणावर चालतो, त्याचे अधिक २, म्हणजे ११ किंवा वर: शंभरात ५०. फसलं तर अक्षरं गेली. भाची म्हणाली, थांबूया. त्या दिवसाच्या शेवटी सगळी पाचव्या लेव्हलला गेली.

२१ जुलैला गुरुपौर्णिमा. हॉलमध्ये वाचनालयाचाच कार्यक्रम होता, आमची तारीख २८ वर गेली. ३१ ला बंदी संपणार, म्हणजे हा शेवटचा रविवार.

मधल्या दोन आठवड्यांत भाची रोज दुकानात यायची आणि तोच प्रश्न उलटसुलट करायची. पाचव्या लेव्हलला मंत्र तिच्या आवाक्यात आला होता, त्यामुळे आता भेंडोळं वाचलं तर फासाच नाही. मंत्र हमखास लागणार, २४ तास, एकदाच. उतरवायला गेली तर सहा तास, १५० मोहरा, आणि अर्केना. बुद्धीचे ४ आणि प्रावीण्याचे ३ मिळून अधिक ७. फाशावर ६ किंवा वर हवे, शंभरात ७५. साधलं तर जन्माचा मंत्र. नाही साधलं तर काहीच नाही. लेव्हल वाढताना मिळणारे दोन मंत्र तिने आधीच 'फायरबॉल' आणि 'काउंटरस्पेल' घेतले होते. भेंडोळं हातात असताना तोच मंत्र दुसऱ्यांदा कशाला घ्यायचा, हा तिचा हिशेब बरोबरच होता.

मैत्रिणीने एक वाट काढली होती. क्लेरिकचा 'गायडन्स' हा मंत्र दुसऱ्याच्या फाशात एक ते चार मिळवतो. पण तो टिकतो एक मिनिट, आणि उतरवणं सहा तासांचं. मी आदल्याच रविवारी सांगून ठेवलं होतं की तासांच्या कामाला मिनिटाचा मंत्र चालणार नाही. दुसरा सूत्रधार चालवील, आणि तेही चूक नाही. फक्त फासा पडायच्या आधी सांगा, नंतर नाही.

२८ ला भाचीने बाड आणलं. खरं, शिवलेलं, कव्हरला नऊवारीचा तुकडा. "उतरवते," ती म्हणाली. करवंटी हलवली आणि चिंचोका काढला.

पाच. पाच नि सात बारा.

तेरा हवे होते. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. एक कमी होता, आणि तिचा 'गायडन्स' कितीही कमी पडला तरी एक देतोच. मी नाही म्हणाले. माझाही घसा भरून आला होता, पण त्या क्षणी शब्द फिरवला असता तर पहिल्या रविवारपासूनचा प्रत्येक फासा खोटा ठरला असता. भाची बराच वेळ चिंचोक्याकडे बघत राहिली. मग स्वतःच उठली, खाली जाऊन घमेल्यात पाणी घेऊन आली आणि भेंडोळं त्यात आडवं सोडलं.

डिंकाची शाई पाण्यात थांबत नाही. आधी शिरोरेघ सुटली, तिच्याबरोबर लटकलेली मोडी अक्षरं, काळी धार होऊन. लाल चिन्हं थोडी जास्त राहिली, मग तीही पसरून पिवळी पडली. शेजाऱ्याने कागद उचलला तेव्हा त्यावर काही नव्हतं. आतेभाऊ म्हणाला, "सहाव्या लेव्हलीक घी गो तो मंत्र, आमी थांबतलों." तिने मान हलवली.

१ ऑगस्टला त्याची बोट गेली. २ तारखेला मी अनामत घ्यायला वाचनालयात गेले. सगळा खर्च, पाण्यात गेलेला रविवार धरून, ₹२,०२० झाला होता. चहा-भजी वेगळी, ती वर्गणीतून. कार्यवाहांनी पावती शोधून काढली, ₹५०० मोजून दिले आणि नोंदवहीत सही घेतली. खाली बसून त्यांनी चारही रविवार आवाज ऐकला होता. "काय, उघडलां काय दार?"

दार उघडलं, पण आत पाणी आहे, असं सांगितलं. पुढच्या जूनसाठी अर्ज केव्हा द्यायचा तेही विचारून आले. मेमध्ये हॉल शिबिरांना जातो, म्हणून एप्रिलच्या बैठकीआधी, दोन प्रतींत.